नसीमआपांचं पूर्ण मिनिट

"मावशी, अम्मी गेली…" नसीमआपांच्या लेकीचा, शाहीनचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. अमरावतीहून अकोल्याला तिच्या घरी पोचेपर्यंत अकरा झाले. पुढची खोली बायकांनी भरली होती. आतल्या खोलीत कुणीतरी दबक्या आवाजात कुराण वाचत होतं आणि त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज चालू होता, बुडबुड बुडबुड… आपांचं ऑक्सिजनचं मशीन. नळी उशीवर पडली होती, बाटलीतलं पाणी उकळल्यासारखं हलत होतं आणि एवढ्या माणसांत ते बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मी उठले आणि बटण दाबलं. खोली अशी काही गप्प झाली की वाचणारी बाईसुद्धा क्षणभर थांबली. सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या आणि मला वाटलं, मीच काहीतरी केलं.

रडले मीही, सगळ्यांसारखी. पण आज काही आठवड्यांनी लिहायला बसल्यावर खोटं कशाला लिहू? त्या दिवशी मला दुःखापेक्षा भीती जास्त वाटत होती. मरणाच्या महिनाभर आधी आपांनी मला फोनवर एक प्रश्न विचारला होता आणि मी त्यांना धडधडीत खोटं उत्तर दिलं होतं. ते परत घ्यायला आता त्या राहिल्या नव्हत्या.

नसीमआपा मूळच्या अंजनगाव सुर्जीच्या. वडील पानाचे व्यापारी, घरात पाच बहिणी, त्यांतली ही एकटी नर्सिंग शिकली. आमच्या घरात दोन पिढ्या भिक्षुकी आणि एक पिढी वकिली. मी नर्स झाले हे वडिलांना इतकं जड गेलं की कुणी विचारलं तर "सरकारी नोकरीत आहे" म्हणून ते विषय बदलत. चांदूर बाजार तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात मी रुजू झाले तेव्हा आपा तिथे बारा वर्षं जुन्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एका झोपलेल्या लेकरासमोर बसवलं आणि कुंची वर केली. "तोंड नोको पाहू, पोट पाहाय. वर गेलं, खाली आलं, एक झाला. अन् मधात बोलू नोको, मी बोलली तरी बोलू नोको." मग मुद्दाम माझ्याशी गप्पा मारू लागल्या. माझी साडी, माझं लग्न, माझ्या आईचं गुडघ्याचं दुखणं… मी एकदा "हो" म्हटलं आणि त्यांनी कुंची खाली ओढली. "चुकली. आता पुन्हा पहिल्यापासून."

त्या काळी आमच्याकडे लेकरांचे श्वास मोजायला एक टायमर असे. मळकट पांढऱ्या रंगाचा, तळहातावर मावणारा, मधोमध एक बटण. बटण दाबलं की दर सेकंदाला टिक वाजे, अर्ध्या मिनिटाला एक लांब आवाज येई आणि मिनिट पुरं झालं की दोन. बस्स, एवढंच त्याचं काम. मोजायचं आपण. दोन महिन्यांच्या आतलं लेकरू मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, वर्षाच्या आतलं पन्नास आणि त्यापुढचं चाळीस, तर गाठ न्यूमोनियाशी आहे असं समजायचं आणि पुढे पाठवायचं. न स्टेथोस्कोप, न एक्स-रे. खेड्यात सगळी भिस्त त्या टिकटिकीवर आणि मोजणारीच्या डोळ्यांवर. मोजताना ज्यांचा आकडा चुके त्या आशाताईंसाठी आपांनी तुरीचे दाणे काढले होते. वर्षाच्या आतल्या लेकरासाठी वाटीत पन्नास दाणे घ्यायचे, दर श्वासाला एक दाणा ओटीत टाकायचा. मिनिटाआधी वाटी रिकामी झाली तर चर्चा करायची नाही, गाडी बोलवायची. आमच्या सभेत आपांच्या पिशवीतून दाणे सांडले की डॉक्टर हसून म्हणत, "सिस्टर, वरण लावता की काय?"

मी मात्र शिकलेली होते. मला दाणे लागत नसत.

संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले होते. उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस, व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही, सुया टोचलेली लेकरं एका सुरात रडत होती. आपा त्या दिवशी तालुक्याला सभेला गेल्या होत्या. सुनंदा तिच्या सात महिन्यांच्या ओमला घेऊन आली. वीस-एकवीस वर्षांची पोर, पहिलंच बाळ. "दोन दिस झाले बाई, खोकून राहिला. अंगावर पेत नाही." मी ओमला तिच्या मांडीवर निजवलं, स्वेटर वर केला आणि बटण दाबलं. टायमर वाजला तेव्हा माझे एकतीस झाले होते. एकतीस म्हणजे काहीच नाही. मी वहीत लिहिलं, तापाचं औषध दिलं आणि तिला घरी पाठवलं. आवाज एकच वाजला होता, हे माझ्या कानांना कळलं होतं. हातांना मात्र पुढची सुई भरायची घाई होती.

तिसऱ्या दिवशी अमरावतीला नेताना ओम जीपमध्येच गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आपा उपकेंद्रात आल्या, खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच वही उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"एकतीस?"

"हो."

"पूर्न मिनिट?"

"हो आपा."

"वैजू, सात महिन्याचं खोकनारं लेकरू एकतीस घेते का व?"

मला आजही आठवतं, माझी नजर टेबलावरच्या टायमरकडे गेली. "मशीन बिघडलं असेल," मी म्हटलं.  आपांनी टायमर उचलून रुमालात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. "मी नेतो हा," एवढंच म्हणाल्या. पुढच्या सभेत त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की टायमर मागेपुढे चालतो, बाद करा. चौकशी झाली ती टायमरची. मला कुणी काही विचारलं नाही आणि त्या रात्रीपासून मी पुन्हा जेवू लागले, हेही लिहून ठेवते.

त्यानंतर आपांची एक सवय साऱ्या तालुक्यात प्रसिद्ध झाली. नवा टायमर आला की त्या मनगटातलं घड्याळ काढून शेजारी ठेवत, तीन-तीनदा लावून पाहत आणि मगच वाटत. पोरी चेष्टा करत, "नसीमबाई मशीनची बी नाडी पाहते." प्रत्येक प्रशिक्षणात त्या सांगत, "पहिला आवाज फसवते. पहिल्या आवाजावर थांबली, तं लेकरू गेलं समज." हे सांगताना त्या खिडकीबाहेर बघत. पंचवीस बायका समोर बसलेल्या, त्यांत मी, आणि त्यांनी एकदाही, चुकूनही माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटे, यांना कळलंय. घरी आल्यावर वाटे, कसं कळेल? अशी वर्षं काढता येतात. मी काढली.

आणखी एक गोष्ट व्हायला लागली होती. सुनंदाच्या गल्लीतल्या बायका आपांकडे लेकरं आणेनाशा झाल्या. आपा दारात दिसल्या की दार लोटून घेत आणि माझी वाट बघत. कारण मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं होतं. आपा मुसलमान, गल्ली आपली, दिवस असे… लोक असेच असतात, म्हणून मी सुस्कारा टाकत असे. वरून त्या बायका मला मानतात याचं बरंही वाटे. एकदा मी आपांना म्हटलं, "तुम्ही मनावर घेऊ नका, अडाणी आहेत." त्या म्हणाल्या, "अडानी नाहीत त्या. तू जाय त्या गल्लीत, मी वरच्या आळीत जातो." तेव्हापासून तसंच वाटून घेतलं. सुनंदाला पुढे मुलगी झाली. तिच्या लशी मीच टोचल्या, तिच्या घरचा चहा मी कितीदा प्याले याला हिशेब नाही.

आपा निवृत्त झाल्यावर दोन-तीन वर्षांनी अमरावतीला नव्या यंत्रांचं प्रशिक्षण झालं. लेकराच्या पोटाला पट्टा बांधायचा, यंत्र आपोआप श्वास मोजणार आणि लाल किंवा हिरवा दिवा लावणार. आपांना मुद्दाम पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. यंत्र दाखवणारा मुलगा हुशार होता, नम्र होता. आपांनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट केला.

"लेकरू रडत असलं तं?"

"मॅडम, हललं तर आकडा देतच नाही. चूक आहे असं स्क्रीनवर दाखवतं."

"लय चांगलं केलं," आपा म्हणाल्या. "मानसाले असं दाखवता येत नाही."

सगळे हसले. मीही हसले. 

मग आपांची फुप्फुसं आखडायला लागली. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, त्याचा अर्थ एवढाच की श्वास दिवसेंदिवस उथळ होत जाणार. शाहीन अकोल्याला उर्दू शाळेत शिकवते, तिने आईला आपल्याकडे नेलं. गेल्या दिवाळीनंतर मी भेटायला गेले. दुपार होती, आपा उशांना टेकून बसल्या होत्या, नाकात नळी. ओढणीखाली त्यांचं पोट हलत होतं आणि माझी नजर तिथेच गेली. त्यांनी ते पाहिलं. "मोज मोज," म्हणाल्या, "पन पूर्न मिनिट मोजजो."

मला तिथे रडू फुटलं आणि मी सांगून टाकलं. एकतीस, एकच आवाज, मशीन ठीक होतं, सगळं.  मशीन बुडबुडत होतं.

"त्याच दिवशी माहीत झालं होतं मले," त्या एकेक शब्द टाकत म्हणाल्या. "घरी जाऊन धा वेळा लावला टायमर. सेकंद इकडचा तिकडं नाही."

"मग बोलल्या का नाहीत?"

"तू नोकरी सोडून गेली असती. अन् नवी बाई दोन वर्सं भेटली नसती. त्या गावायले कोन होतं?" त्यांनी नाकातली नळी सारखी केली. "मले सांगतलं, झालं. पन सांगायचं मले नव्हतं. सुनंदाले सांगजो. मी हाय तवरच सांगजो, वैजू."

मी "हो" म्हटलं. परतताना गाडीत ठरवलं, येत्या आठवड्यात जायचं. मग थंडी पडली, मग घरात लग्न निघालं… कारणं काढणाऱ्याला कारणांना तोटा नसतो. अमरावतीहून ते गाव तासाभराचं. महिना उलटला आणि आपांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता, शब्दांपेक्षा श्वासच जास्त ऐकू येत होते.

"गेल्ती का?"

आणि मी म्हटलं, "हो आपा. गेले होते."

"काय म्हनली?"

"काही नाही. रडली."

 मग, अगदी हळू, "मायाबद्दल… काही बोलली का?"

"नाही," मी म्हटलं. "तुमच्याबद्दल काहीच नाही."

"बरं," आपा म्हणाल्या. त्यांचा प्रश्न मला विचित्र वाटला होता, पण खोटं पकडलं गेलं नाही या सुटकेत मी तो तिथेच सोडून दिला. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

आपांना मातीत ठेवून पंधरा दिवस झाले, तेव्हा मी सुनंदाकडे गेले.  दुपारचे दोन वाजले होते. तिची मुलगी बाळंतपणाला आली होती, दाराशी बाळोती वाळत होती. सुनंदाने ओळखलं, हसली, चहाचं आधण ठेवायला वळली. मी म्हटलं, "चहा नको. बस. ओमबद्दल बोलायचंय." ती बसली. मी उभी राहूनच सगळं सांगितलं. माझी मोजणी अर्धी होती, त्याचे श्वास साठच्या वर होते, त्याला त्याच दिवशी पाठवायला हवं होतं. "आणि नसीमआपांनी मला बरोबर शिकवलं होतं," मी म्हटलं.

 सुनंदा म्हणाली, "काय म्हनलं? नसीमबाईनं बरोबर शिकवलं होतं?"

"हो."

"ते आल्ती ना इथं. ओम गेल्यावर पंधरा दिसानं. या उंबऱ्यात बसली. म्हने, पोरीचा दोष नाही, मीच तिले अर्धा मिनिट मोजाले शिकवलं, माही चूक हाय, तिले काही म्हनू नोको." तिने उंबऱ्याकडे बोट दाखवलं. "म्या तिले इतलं इतलं बोलली… तुया पोरीचं लेकरू असंच जावो म्हनलं. पायताण फेकून मारलं. सारी गल्ली जमा झाल्ती. तिनं मान वर नाही केली. अन् मंग जनम गेला, म्या कोनाले तिच्या दारी जाऊ देल्लं नाही."

 फोनवरचा तो प्रश्न… मायाबद्दल काही बोलली का. इतकी वर्षं आपा त्याचीच वाट बघत होत्या. खरं कळल्यावर सुनंदा आपल्याबद्दल एखादा शब्द बोलेल, बस्स, एवढीच. आणि मी त्यांना सांगून मोकळी झाले होते, काहीच नाही.

"सिस्टर," सुनंदा म्हणाली, "तुमी तं त्याच्यामांगं माया घरचा चहा पेत होत्या."

 मान खाली घातली तर समोर झोळी होती. तिच्या लेकीचं बाळ, दीड महिन्याचं. दुपट्यातून पोट दिसत होतं आणि ते चुकीचं हलत होतं. वर, खाली, वर, खाली, मध्ये विसावाच नाही. माझे ओठ आपोआप हलायला लागले. सुनंदा ताडकन उठली, मध्ये येऊन उभी राहिली आणि दुपटं ओढून घेतलं.

"तुमी नोका मोजू. माया घरातलं लेकरू तुमी नोका मोजू."

"दूध पितंय का?" मी विचारलं. आतून तिची लेक म्हणाली, "कालपासून पेत नाही, मावशी."

मनगटातलं घड्याळ काढून मी सुनंदाच्या हातात दिलं. "मग तू मोज. पोट वर गेलं, खाली आलं, एक झाला. सेकंदाचा लाल काटा पूर्ण फिरून येईपर्यंत थांबू नको. मी बोलले तरी बोलू नको." ती क्षणभर माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती की घड्याळ फेकून मारेल असं वाटलं. मग खाली बसली. दुपटं वर केलं. मी दाराबाहेर गेले आणि पाठ करून उभी राहिले. ती मोठ्याने मोजत होती. तीस झाले, चाळीस झाले. पन्नासला तिचा आवाज चिरकला. साठ म्हटलं तेव्हा मी वळून पाहिलं, काटा अजून पोचला नव्हता. अडुसष्टला पोचला. इतक्या लहानाचं एकदा जास्त आलं तर पुन्हा मोजायचं असतं. पुन्हा मोजलं. सत्तर. मी गाडीला फोन केला.

बाळ अमरावतीच्या दवाखान्यात नऊ दिवस होतं. आता बरं आहे. मी रोज जात असे, व्हरांड्यातल्या बाकावर बसत असे, आत मला कुणी बोलावलं नाही आणि मी गेलेही नाही. काचेतून दिसे. बाळाच्या उशाशी यंत्र होतं, त्यावर श्वासांचा आकडा दर क्षणी बदलत होता. सुनंदा त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाकडे एक डोळा ठेवून तिचे ओठ हलत असत, मिनिट पुरं झालं की थांबत आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होत. आपांना मी हजारदा तसं पाहिलं आहे.

सुटी मिळाली त्या दिवशी ती बाहेर आली. माझं घड्याळ माझ्या शेजारी बाकावर ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नसीमबाईले कुठं ठेवलं?"

"अकोल्याला."

"बायांले जाऊ देतात का तिथं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "तिच्या मुलीला विचारून सांगते."

शाहीनला विचारायचं म्हणजे आधी तिला हे सगळं सांगायचं. तिच्या लेकराला कुणी काय शाप दिला होता आणि तो तिच्या आईने कुणासाठी ऐकून घेतला, तेही. दोनदा फोन लावला आणि पहिल्या रिंगलाच बंद केला. आपांवरचा हा लेख आज छापायला पाठवायचा आहे. त्याआधी तिसऱ्यांदा लावणार आहे, आणि ती उचलेपर्यंत ठेवणार नाही.